ओळखीतून अहिंसा : अचलपुरात नाव लाभलेला डास

मृगाच्या सरी येऊन गेल्या की नागपुरातील कूलर एकेक करून मुके होतात. वैशाख-ज्येष्ठाच्या काहिलीत रात्रंदिवस चाललेली ही यंत्रे खिडकीबाहेर तशीच उभी राहतात. ताट्या वाळून जातात. खालच्या टाकीत मात्र वीतभर पाणी राहून जाते. इतवारीतल्या पेढीवरची गडबड, मुलांच्या शाळांचे प्रवेश, पाठोपाठ येणारा चातुर्मास, या साऱ्यात त्या पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आठ-दहा दिवसांनी कोणीतरी डोकावते, तेव्हा त्यात बारीक, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात आणि श्रावकाच्या घरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाणी ओतून द्यावे तर इतक्या जीवांचा घात. तसेच ठेवावे तर घरातल्या लेकराला ताप.

हा प्रश्न नवा नाही. वर्षाकाळात जीवोत्पत्ती वाढते, हे जाणूनच मुनिसंघाने चार महिने एका ठिकाणी राहण्याची मर्यादा घालून घेतली. पाणी गाळून पिणे, सूर्यास्तापूर्वी भोजन, धान्य निवडताना दाखवलेली दक्षता या सर्व आचारांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कोणता जीव कोठे, केव्हा आणि कशात उत्पन्न होतो याचे ज्ञान. ज्याला जीवाची ओळख नाही, त्याची दया आंधळी राहते. या दृष्टीने पाहिले तर सव्वाशे वर्षांपूर्वी विदर्भातच घडलेली एक लहानशी शास्त्रीय घटना जैन वाचकाला परकी वाटू नये. एका इवल्या माशीला त्या वेळी नाव मिळाले, आणि ज्या गावाच्या संदर्भाने मिळाले ते गाव निर्वाणकांडातले अचलपूर होते.

डास हीही माशीच

डासाला ‘माशी’ म्हणणे अनेकांना चमत्कारिक वाटेल; पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात. माशी आणि डास यांना मात्र दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गुंड्या उरलेल्या असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. दोन पंखांच्या या कीटकांचा एक स्वतंत्र गण मानला जातो आणि त्यातील दीड लाखाहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. ‘मॉस्किटो’ या शब्दाचा मूळ स्पॅनिश अर्थही ‘लहान माशी’ असाच आहे. जैन जीवविचारात माशी, डास आणि भुंगा यांना एकत्रच, चतुरिंद्रिय जीवांमध्ये स्थान दिलेले आहे. स्पर्श, रस, गंध आणि रूप ही चार ज्ञाने असलेला, परंतु श्रवणेंद्रिय नसलेला जीव असे त्याचे लक्षण. आधुनिक विज्ञान डासाच्या मिशांना ध्वनीची जाणीव असल्याचे सांगते. दोन्ही पद्धतींची वर्गीकरणाची कसोटी वेगळी आहे. जीवांचे भेद पाहावेत, मोजावेत आणि प्रत्येकाला आपले स्थान द्यावे, ही वृत्ती मात्र दोन्हींत समान आहे.

ज्याने शोध लावला, त्याला नाव ठाऊक नव्हते

हिवतापाचे बीज डासातून पसरते, याचा निर्णायक पुरावा भारतातच मिळाला. अल्मोडा येथे जन्मलेले आणि भारतीय वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. रोनाल्ड रॉस १८९५ पासून सिकंदराबादेत डासांचे विच्छेदन करीत होते. हिवतापाच्या रुग्णाला डास चावू द्यायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या डासांचे पोट तपासायचे, असा त्यांचा क्रम होता. दोन वर्षे गेली, असंख्य डास तपासून झाले. हाती काहीच लागले नाही. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी एका वेगळ्या प्रकारच्या डासाच्या जठरभित्तीत त्यांना काळसर कणांनी भरलेल्या गोल पेशी आढळल्या. तेच हिवतापाचे परजीवी होते. या कार्यासाठी १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन वर्षांचे ते अपयश कष्ट कमी पडल्यामुळे आलेले नव्हते. ते ज्या करड्या आणि पट्टेदार डासांची पोटे तपासत होते, त्यांच्या शरीरात माणसाच्या हिवतापाचे बीज वाढतच नाही. डास तेवढे सारखे, या समजुतीची ती किंमत होती. शोध लागला त्या दिवशीही आपल्यासमोर कोणत्या जातीचा डास आहे, हे रॉस यांना सांगता आले नाही. ठिपकेदार पंखांचा तपकिरी डास, एवढेच वर्णन ते करू शकले. भारतातील डासांच्या जातींची नीट यादीच तोवर झालेली नव्हती.

एलिचपूरचे एक वर्ष

हे काम पुढच्या काही वर्षांत वेगाने सुरू झाले, आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा वऱ्हाडात पार पडला. विल्यम ग्लेन लिस्टन हे भारतीय वैद्यकीय सेवेतील तरुण डॉक्टर त्या वेळी एलिचपूर येथे होते. ॲनोफिलिस कुळातील डासांचे त्यांनी वर्षभर निरीक्षण केले. अळ्या कोणत्या पाण्यात आढळतात, कोणत्या महिन्यात वाढतात, पूर्ण वाढलेले डास कोठे विसावतात, अशा गोष्टी टिपल्या आणि १९०१ साली कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये एलिचपुरातील त्या वर्षाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच लेखनात त्यांनी विज्ञानाला अज्ञात असलेल्या एका जातीचे वर्णन करून तिला ‘ॲनोफिलिस स्टेफेन्सी’ असे नाव दिले. हिवतापाच्या अभ्यासासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने आफ्रिकेत आणि नंतर भारतात पाठवलेले संशोधक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ हे नाव होते. हेच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या संशोधनात गुंतले आणि उंदरावरील पिसवांमधून प्लेग माणसापर्यंत येतो, हे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

एलिचपूर म्हणजेच आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर. या नगराचे जैन इतिहासातील स्थान वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. निर्वाणकांडात मुक्तागिरीचे, म्हणजे मेंढागिरीचे, स्थान सांगताना अचलपूरचाच निर्देश येतो. चित्तोड सोडून आलेल्या कवी हरिषेणाने आपली अपभ्रंश ‘धम्मपरिक्खा’ विक्रम संवत १०४४ मध्ये याच नगरात रचली. आणि या गावाच्या नावाची एक गंमत बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनीही नोंदवून ठेवली आहे. आपल्या प्राकृत व्याकरणात त्यांनी या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र लिहिले : अचलपूर या नावातील ‘च’ आणि ‘ल’ लोकांच्या बोलण्यात जागा बदलतात आणि ‘अलचपूर’ होते. तेच अलचपूर पुढे एलिचपूर झाले. एका गावाच्या नावातली दोन अक्षरे उलटसुलट होतात, हे गुजरातेत बसून टिपणारे हेमचंद्राचार्य आणि डासाच्या पंखावरचे ठिपके टिपणारे लिस्टन यांचे विषय भिन्न. पण बारकाव्याकडे पाहण्याची दृष्टी एकाच जातकुळीची.

वर्णन म्हणजे काय

नव्या जातीचे ‘वर्णन’ करणे म्हणजे तिच्याविषयी चार ओळी लिहिणे नव्हे. आपल्या हाती आलेला जीव आजवर नोंदलेल्या प्रत्येक जवळच्या जातीपेक्षा कोणत्या कायम लक्षणांनी वेगळा आहे, हे सिद्ध करावे लागते. एखादाच नमुना वेगळा दिसला तर तो व्यक्तिभेद असू शकतो; पुष्कळ नमुन्यांत तेच लक्षण सातत्याने दिसले तरच ती जात. त्यानंतर जातीचे द्विपद नाव, लक्षणे आणि नमुना जेथे सापडला ते ठिकाण छापून प्रसिद्ध करावे लागते. प्राण्यांच्या नामकरणाची ही रीत स्वीडनच्या लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजली जाते. ज्या नमुन्यावर नाव आधारलेले असते, त्याला ‘प्ररूप’ म्हणतात; आणि तो जेथला, ते गाव त्या जातीचे कायमचे मूळ ठिकाण ठरते. पुढे शंभर वर्षांनीही शंका आली तर तुलना त्या मूळ वर्णनाशी आणि त्या ठिकाणच्या नमुन्यांशी करावी लागते. म्हणून आजही जगातील कोणत्याही शास्त्रीय सूचीत या डासाच्या नावापुढे ‘लिस्टन, १९०१’ असे लिहिलेले असते आणि मूळ ठिकाण म्हणून एलिचपूर.

स्टेफेन्सीची ओळख पटवण्यासाठी भिंग लागते. पंखांच्या पुढच्या कडेवर फिकट आणि गडद ठिपके. पायांच्या वरच्या भागांवर शिंतोडे उडवल्यासारखे पांढरे टिपके. सोंडेच्या बाजूला असलेल्या दोन स्पर्शकांवर तीन फिकट पट्टे आणि त्यांच्या जोडीला विखुरलेले पांढरे खवले. भिंतीवर बसताना तो इतर ॲनोफिलिस डासांप्रमाणे डोके खाली आणि पाठीमागची बाजू वर करून तिरपा बसतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. गटारातल्या क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून लटकते. एवढा एक फरक डोळ्यांनाही दिसतो.

पुढे १९३७ साली म्हैसूरकडील अभ्यासात आणखी एक थर उलगडला. स्टेफेन्सीच्या अंड्याला दोन्ही बाजूंनी तरंगण्यासाठी हवेचे कप्पे असतात आणि त्यांवर आडव्या रेघा असतात. त्या रेघा मोजल्या तेव्हा ध्यानात आले की एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार नांदत आहेत. अधिक रेघांचा प्रकार शहरात हिवताप पसरवतो. कमी रेघांचा प्रकार बहुधा खेड्यात राहतो, गुरांचे रक्त अधिक पसंत करतो आणि माणसाला फारसा बाधक ठरत नाही. सरसकट ‘डास’ म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्यात निर्दोषच अधिक असतात. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात हिवतापाच्या प्रमुख वाहक मानल्या गेलेल्या जाती अवघ्या सहा. त्यातही चावते ती केवळ मादी, अंडी पोसण्यासाठी. नर फुलांच्या मधुरसावर जगतो.

ओळखीचा उपयोग

स्टेफेन्सीची ओळख पटल्यावर एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. लोकांचा समज असा, की डास घाणीत होतात. स्टेफेन्सीला मात्र स्वच्छ, साठवलेले पाणी लागते : विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, कारंजे, कूलर. सी. ए. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ साली अहवाल दिला, तेव्हा दोष गटारांवर नव्हे, तर घरोघरच्या विहिरींवर आला. विहिरी बुजवण्याचा प्रश्न निघाला आणि विहिरीच्या पाण्याशी ज्यांचे धर्माचरण जोडलेले होते, त्यांनी, विशेषतः पारशी समाजाने, त्याला विरोध केला. त्या वादातून झाकण आणि बारीक जाळीचा मध्यममार्ग पुढे आला. डासाला पाण्यापर्यंत पोहोचू न देणे हा उपाय सुचला, कारण तो डास कोणता आणि त्याला कोणते पाणी लागते, हे कळले होते.

ओळख चुकली तर काय होते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. २०१२ साली हा आशियाई डास आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जिबूती या लहानशा देशात आढळला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७३,०००च्या वर गेली. पुढे इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया आणि घाना येथेही तो सापडला. २०२२ साली इथिओपियातील दिरे दावा शहरातील हिवतापाच्या उद्रेकाशी त्याचा संबंध दिसून आला. बंदरे आणि व्यापारी मार्ग यांतून तो पसरला असावा, असे अभ्यासकांना वाटते. आफ्रिकेतील डास ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या लक्षणसूचीत स्टेफेन्सीचे नावच नव्हते. सूचीत नसलेला डास तपासनीसाच्या हाती आला तरी तो दुसऱ्याच नावाने नोंदला जाण्याचा धोका असतो. २०२० साली सुधारित सूची प्रसिद्ध झाली आणि तीत त्याचा समावेश झाला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील त्याचा प्रसार रोखण्यासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. अचलपुरात लिहिलेले वर्णन आता तिकडच्या प्रयोगशाळांत उघडले जाते.

नागपूरकरांना याच स्वरूपाचा दुसरा अनुभवही आहे. १९६५ साली नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. त्याचा वाहक म्हणून वालुमाशी पुढे आली. १९७० साली औरंगाबाद भागातील वालुमाश्यांमध्ये तो विषाणू सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ही माशी डासाहून लहान असते आणि साठलेल्या पाण्यात वाढत नाही; मातीच्या भिंतींतील भेगा, गोठ्यातील ओलसर जागा ही तिची घरे. टाकीवर कितीही घट्ट झाकण बसवले तरी या माशीपासून रक्षण होत नाही. तेथे भेगा बुजवाव्या लागतात. उपाय जीवागणिक बदलतो, म्हणून ओळख आधी हवी.

झाकणाचा धर्म

येथे एक शंका श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नव्या जातीचे वर्णन करण्यासाठी जीवाचा नमुना घ्यावा लागतो, म्हणजे त्याचा प्राण जातो. ती हिंसाच आहे आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. डासाच्या एका पायातून वा सोडून दिलेल्या कातेतून जनुकीय ओळख पटवण्याच्या पद्धती आज उपलब्ध आहेत, तरी प्ररूपाची गरज पुष्कळदा उरतेच. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगताना शास्त्रकारांनी हेच वास्तव ओळखले होते. गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही. संकल्पपूर्वक केलेली हिंसा तो टाळू शकतो आणि उरलेली यत्नाने कमी करू शकतो. मुनींसाठी दंशमशक हा बावीस परीषहांपैकी एक आहे. डासांचा दंश ते समभावाने सहन करतात. पाळण्यातल्या बाळाकडून किंवा तापाने फणफणलेल्या वृद्धाकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्यांचे रक्षण हे घरधन्याचे कर्तव्य आहे.

मग घरधन्याने काय करावे? फवारा मारणे, अळ्या पडलेले पाणी उन्हात ओतणे, हे सारे उशिराचे उपाय आहेत. जीव उत्पन्न झाल्यानंतर जो मार्ग घ्यावा, तो कोणाच्या ना कोणाच्या दुःखातूनच जातो. उन्हाळी हवेत स्टेफेन्सीचा अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ ते दहा दिवसांचा असतो. हे कळले की उपाय आपोआप मागे सरकतो, आणि अहिंसेच्या दृष्टीने मागे सरकलेला उपायच उत्तम. गच्चीवरच्या टाकीला घट्ट बसणारे झाकण असावे. हवा जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. दुकानाच्या मागचे पिंप, गोदामातील रिकामे डबे, गच्चीवरची जुनी भांडी पालथी ठेवावीत. आणि कूलर बंद होईल त्याच दिवशी, पाणी अजून निर्जंतुक दिसत आहे तोवरच, टाकी रिकामी करून कोरडी पुसावी. उन्हाळ्यात कूलर चालू असतानाही आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठेवण्याची सवय असली, तर अळी दिसण्याची वेळच येत नाही. झाकलेल्या पाण्यात अंडे पडत नाही, म्हणून तेथे मारण्यासारखे कोणी राहत नाही.

ॲनोफिलिस या कुळाला हे नाव देणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१८ साली ग्रीक भाषेतून शब्द निवडला. त्याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा आहे. जीवाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, असे मानणाऱ्या परंपरेला हे नाव पटणार नाही. डास वैर धरून चावत नाही. तो आपल्या पर्यायाचे जीवन जगत असतो. माणसाने आपले पाणी उघडे ठेवले, तेव्हा त्याने डासाला घर दिले आणि मग त्याच घरात त्याचा घात करण्याची पाळी स्वतःवर आणली. या साखळीचा पहिला दुवा माणसाच्या हातात आहे.

मुक्तागिरीच्या यात्रेला जाणारी नागपूरची कुटुंबे परतवाडा-अचलपुरावरून जातात. त्या जुन्या नगराला निर्वाणकांडाने स्मरणात ठेवले आहे, हेमचंद्रांनी व्याकरणात ठेवले आहे आणि एका इवल्या चतुरिंद्रिय जीवाच्या नोंदीतही ते कायमचे राहिले आहे. यात्रेहून परतल्यावर, चातुर्मासाचा पहिला नियम घेण्यापूर्वी, गच्चीचा जिना एकदा चढून टाकीचे झाकण नीट बसले आहे ना, हे पाहून यावे. त्या एका पाहण्यात घरातल्या मुलाचे रक्षण आहे आणि अजून न जन्मलेल्या असंख्य जीवांच्या घातापासूनची विरतीही आहे.